नव्याने निदान झालेला मधुमेह आणि रोज वेगळी दिसणारी साखर

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाला उद्देशून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमचे वय ४६, वजन ५४ किलो, आणि तुम्ही शाळेत शिकवता. सहा आठवड्यांपूर्वी मधुमेहाचे निदान झाले तेव्हा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.६ टक्के होते. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम अशी औषधे चालू आहेत. घरच्या ग्लुकोमीटरवर तुम्ही दिवसातून सात-आठ वेळा साखर पाहता आणि आकडे वहीत लिहिता. उपाशीपोटी एके दिवशी १२१ आली, तर दुसऱ्या दिवशी १६८, तीही आदल्या रात्री न जेवता. पोह्यांनंतर कधी १७६, कधी २४१. एकाच बोटातून लागोपाठ घेतलेल्या दोन थेंबांत १५२ आणि १७१. एकदा शाळेत साडेअकराच्या सुमारास हातपाय थरथरले, घाम सुटला, तेव्हा तुम्ही दोन पेढे आणि चार बिस्किटे खाल्लीत आणि दोन तासांनी साखर २२८ निघाली. आकडा मोठा दिसला की सकाळची ग्लिमेपिराइड दीड घ्यायची, लहान दिसला की अर्धी, असेही तुम्ही करू लागला आहात, आणि तरीही कशालाच नियम लागत नाही.

सुरुवात या दीड-अर्ध्या गोळीपासून करतो, कारण बाकी सगळे आठवडाभर थांबू शकते, हे थांबू शकत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते आणि हे काम ती पुढे साधारण दिवसभर करत राहते. सकाळी सहाला दिसलेला १६८ हा आकडा रात्रीत घडून गेलेल्या गोष्टींचा असतो. त्यावर वाढवलेली गोळी मात्र पुढच्या दुपारवर काम करते, जेव्हा तुम्ही दोन तास सलग उभे राहून शिकवलेले असते आणि डबा अजून उघडलेला नसतो. शाळेतला तो थरथराट बहुधा अशाच दिवशी आला असावा. वहीत तारीख असेल तर पडताळून पाहा. तेव्हा आजपासून गोळी डॉक्टरांनी लिहून दिली तेवढीच आणि त्याच वेळी घ्या, आणि साडेअकराचा प्रसंग पुढच्या भेटीपर्यंत न ठेवता आजच फोन करून त्यांना सांगा. कदाचित ते ही गोळी कमी करतील किंवा बदलतील. तो निर्णय त्यांचा आहे, पण हा प्रसंग कळल्याखेरीज त्यांना तो घेता येणार नाही.

असे पुन्हा झाले तर, शक्य असल्यास, आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल किंवा मोजण्याची सोय नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटे बसून राहा आणि पुन्हा मोजा. तरीही ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा घ्या, आणि साखर सावरली की पोळीभाजी किंवा जे जेवण व्हायचे असेल ते करा. पेढा या कामाला उपयोगाचा नाही, कारण खव्यातल्या स्निग्धांशामुळे त्याची साखर रक्तात उशिरा उतरते. तोपर्यंत भीतीने माणूस आणखी चार गोष्टी खातो आणि सगळे मिळून दोन तासांनी २२८ दिसते. त्या दिवशीच्या २२८ चे कारण हेच आहे, मधुमेह अचानक बिघडल्याचे ते लक्षण नाही. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवा आणि शेजारच्या वर्गावरच्या एका सहकारी शिक्षिकेला ती कुठे असते हे सांगून ठेवा. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे, हे घरच्यांनाही सांगा.

थरथराट असूनही साखर ९५ किंवा ११० निघाली, तर गोंधळून जाऊ नका. एचबीएवनसी ८.६ म्हणजे निदानापूर्वी काही महिने तुमची सरासरी साखर २०० च्या आसपास होती. शरीर त्या पातळीला सरावते आणि साखर योग्य जागी येऊ लागली की काही आठवडे तीच त्याला कमी वाटते. अशा वेळी साखर पिऊ नका. जेवणाची वेळ झाली असेल तर जेवा, नसेल तर मूठभर फुटाणे खा. पुढच्या काही आठवड्यांत हे आपोआप ओसरते. नजर धूसर वाटणेही बहुतेकदा याच बदलामुळे असते, कारण साखर वर-खाली होताना डोळ्यातल्या भिंगाचा फुगवटा बदलतो. म्हणून चष्म्याचा नंबर काढण्याची घाई करू नका, साखर स्थिरावल्यावर दीड-दोन महिन्यांनी काढा. डोळ्याच्या पडद्याची तपासणी मात्र निदान झाल्याबरोबरच करून घ्यायची असते. ती राहिली असेल तर तिला उशीर नको.

आता १५२ आणि १७१ यांविषयी. घरगुती मीटरसाठी आज जे आंतरराष्ट्रीय प्रमाण मानले जाते, त्यानुसार साखर १०० च्या वर असताना शंभरातले पंचाण्णव आकडे प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असले तरी मीटर उत्तीर्ण ठरतो. खरी साखर १६० असेल तर चांगला मीटर १३६ पासून १८४ पर्यंत काहीही दाखवू शकतो. तेव्हा १५२ आणि १७१ हे माझ्या लेखी एकच वाचन आहे, आणि तुमच्या वहीतल्या निम्म्या 'चढउतारां'चे स्पष्टीकरण एवढ्यातच संपते. प्रयोगशाळेशी तुलना करतानाही जपून करा. जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर जास्तच असते, आणि नमुना योग्य नळीत न घेता बराच वेळ पडून राहिला तर त्यातल्या रक्तपेशी साखर वापरत राहतात व आकडा खोटाच खाली येतो. तुलना करायचीच असेल तर उपाशीपोटी, एकाच वेळी घेतलेल्या रक्तावर करा.

मोजण्याच्या पद्धतीतल्या चुका यापेक्षाही मोठा फरक पाडतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, बोटावर २८६ आणि चेहऱ्यावर काळजी. बाहेर बाकावर बसून त्या नातवासाठी चिक्कू सोलत होत्या. बोटांच्या पेरांवर तो चिकटपणा तसाच होता. साबणाने हात धुवून, टॉवेलने कोरडे करून दुसऱ्या बोटातून थेंब घेतला, तर १४१. स्पिरिटचा बोळा फळाची साखर नीट पुसत नाही, साबण आणि पाणीच लागते. हात ओले राहिले किंवा थेंब येत नाही म्हणून बोट दाबून पिळले, तर रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच घट्ट लावा, पावसाळी दमट हवेत हे विशेष जपा, आणि डबीवरची मुदत पाहा. सुई बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचली तर दुखतही कमी.

इथवरच्या गोष्टी मोजमापाच्या झाल्या. खरा बदल शरीरात कसा होतो हे समजले तर त्याची भीती पुष्कळ कमी होईल. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. साखर १०० असते तेव्हा त्या सगळ्या रक्तात मिळून सुमारे पाच ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे चहाचा एक चमचा. २०० असते तेव्हा दोन चमचे. नाश्त्याच्या एका भरल्या बशीतल्या पोह्यांतून ४० ते ५० ग्रॅम पिष्ट पोटात जाते आणि त्याचे शेवटी ग्लुकोजच होते. आठ-दहा चमचे आत येत असताना रक्तात एक-दीड चमचाच राहू देण्याचे काम स्वादुपिंड, यकृत आणि स्नायू मिळून मिनिटामिनिटाला करत असतात. त्या व्यवस्थेत थोडी ढिलाई आली की चमचाभराचा फरक सहज पडतो, आणि मीटरवर तो १७६ आणि २४१ असा दिसतो.

रात्री न जेवता सकाळी १६८ कशी, याचे उत्तर यकृतात आहे. रात्रभर मेंदूला साखर पुरवण्याची जबाबदारी यकृताची असते. पहाटे तीन-चारपासून कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक वाढू लागतात, उठण्याच्या तयारीसाठी यकृत साखर सोडते, आणि निरोगी माणसात इन्सुलिन तिला आवर घालते. मधुमेहात तो आवर अपुरा पडतो. जेवण टाळल्याने यकृताचे हे काम थांबत नाही. म्हणून सकाळची साखर कमी करण्यासाठी रात्री उपाशी राहणे बंद करा. आठ-साडेआठपर्यंत साधे, बेताचे जेवण करा आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे चाला. मेटफॉर्मिनचे मुख्य काम यकृताला आवर घालण्याचेच आहे, पण ते हळूहळू दिसते आणि पोटाला सोसेल तशी मात्रा वाढवत न्यावी लागते. सध्याची तुमची मात्रा सुरुवातीची आहे. उपाशीपोटीचा आकडा सगळ्यात शेवटी वठणीवर येतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

"मी तर बारीक आहे, मग मलाच का?" असे तुम्ही विचारले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नावर आयुष्यभर काम केले आहे. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली होती. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. भारतीय शरीर दिसायला बारीक असूनही पोटाच्या आत चरबी बाळगते आणि स्नायू कमी असतात. तुमच्या चढउतारांशी याचा थेट संबंध आहे, कारण जेवणातली साखर साठवण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान असेल तर तेवढ्याच पोह्यांनी साखर जास्त उसळते. म्हणून वजन आणखी उतरवण्याच्या मागे लागू नका. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करा. खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे यांनी सुरुवात पुरेशी होते.

आता पोहे. तुम्ही लिहिता की पोहे तेच, साखर वेगळी. पण पोहे तेच होते का? बशी तीच असली तरी दडपून भरलेली बशी आणि सैल भरलेली बशी यांत मोठा फरक पडतो. एका दिवशी त्यात शेंगदाणे आणि मटार होते, दुसऱ्या दिवशी बटाटा. शेजारी साखरेचा चहा होता की नव्हता? गोळी खाण्याआधी घेतली की शाळेत गेल्यावर आठवली? खाऊन चालत शाळेत गेलात की रिक्षाने? रात्री झोप किती झाली? मुख्य म्हणजे, खाण्याआधी साखर किती होती? १२० वरून १७६ आणि १८५ वरून २४१ या दोन्हींत पोह्यांनी केलेली वाढ एकच आहे, ५६. दोष पोह्यांचा नाही, त्या दिवशीची सकाळच वरून सुरू झाली होती. खाण्याआधीचा आकडा नसलेला खाण्यानंतरचा आकडा मला काहीच सांगत नाही, आणि तुमच्या वहीत असे एकेकटे आकडे फार आहेत.

म्हणून पुढचे दोन आठवडे सात-आठ वेळा मोजणे थांबवा आणि जोडीने मोजा. सकाळी उपाशीपोटी एक वाचन रोज घ्या. त्याशिवाय दिवसाला एकच जेवण निवडा आणि त्याच्या आधी व पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी मोजा. पहिले तीन दिवस नाश्ता, पुढचे तीन दिवस दुपारचे जेवण, मग रात्रीचे. थरथराट, घाम, छातीत धडधड झाली तर अर्थातच तेव्हाही मोजा. प्रत्येक जोडीसमोर चार शब्द लिहा: काय आणि किती खाल्ले, गोळी कधी घेतली, चालणे झाले का, आणि काही विशेष. 'विशेष'मध्ये सर्दी, दाढदुखी, जागरण, परीक्षेचे पेपर तपासणे, घरातले भांडण, दुखण्यावर घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन, शेजारणीने दिलेला कडुनिंबाचा किंवा कारल्याचा रस, सगळे यावे. तुमच्या वयात पाळीची तारीखही लिहा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात कित्येक स्त्रियांची साखर काही खाण्यात बदल नसताना चढते आणि पाळी आली की उतरते. हे माहीत नसल्यामुळे त्या दर महिन्याला स्वतःला दोष देत राहतात.

जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, ही बहुतेक प्रौढांसाठीची उद्दिष्टे आहेत, आणि तिथे पोहोचायला काही महिने लागणे स्वाभाविक आहे. जोडीतली वाढ ५०-६० च्या आत असेल तर ते जेवण तुम्हाला मानवते असे समजा, मग अंतिम आकडा काही का असेना. वाढ १०० असेल तर त्या जेवणात एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. पोहे अर्धे करून बरोबर उकडलेले अंडे किंवा वाटीभर मोडाची मटकी घ्या. दुपारी कोशिंबीर आणि उसळ आधी खा, भाकरी नंतर, भात शेवटी आणि वाटीभरच. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाचा गुण आला ते कळत नाही.

भाकरीबद्दल एक गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे, तो इथेच दूर करतो. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, पण ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ४० ग्रॅम पिष्ट असते. 'भाकरी चालते' म्हणून पोळीच्या जागी तीन भाकऱ्या खाणाऱ्यांची साखर का वाढते, हे त्यांना उमगत नाही. भात पूर्ण सोडून तुम्ही दोन भाकऱ्यांवर आलात, असे तुमच्या पत्रावरून दिसते. त्यापेक्षा एक भाकरी, भरपूर भाजी, वरण किंवा उसळ आणि मन राखण्यापुरता भात हे मी पसंत करीन. फळेही बंद करायला नकोत. एक पेरू किंवा अर्धे सफरचंद दोन जेवणांच्या मधल्या वेळेला चालेल, रस नको.

वहीत संकष्टीच्या दिवशीचा २६४ मी पाहिला. दिवसभर उपवास, मध्ये साबुदाण्याची खिचडी, चंद्रोदयानंतर उशिरा जेवण, आणि ग्लिमेपिराइड नेहमीसारखीच सकाळी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे खिचडीनंतर साखर उसळणार. आणि खिचडी न खाता कडक उपवास केला तर हीच गोळी साखर धोकादायकपणे खाली नेणार. श्रद्धेने केलेला उपवास सोडा असे मी म्हणणार नाही. मात्र त्या दिवशीची गोळी किती आणि केव्हा हे आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, साबुदाण्याऐवजी दही, शेंगदाणे, थोडा राजगिरा असा आहार ठेवा, आणि साखर ७० च्या खाली गेली तर उपवास तिथेच सोडा.

एचबीएवनसीवर लोकांचा विश्वास सर्वाधिक असतो आणि तो बहुतांशी योग्यही आहे, कारण तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. पण पाळीत रक्तस्राव जास्त जातो असे तुम्ही ओघात लिहिले आहे, ते महत्त्वाचे आहे. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात हा आकडा खोटाच वाढलेला दिसू शकतो, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर नव्या पेशी आल्या की तो साखर न बदलताही उतरतो. पुढच्या तपासणीबरोबर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या. ती तपासणी औषध सुरू झाल्यापासून तीन महिने पूर्ण झाल्यावरच करा, आताच केली तर जुन्या दिवसांचीच साखर दिसेल.

दंडावर लावायच्या सेन्सरविषयी विचारले आहे. परवडत असेल तर एकदा चौदा दिवस लावून पाहायला हरकत नाही, पहाटेची चढण आणि जेवणानंतरची उसळी त्यात डोळ्यांनी दिसते. पण सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, आणि ती पाच-दहा मिनिटे मागे असते. त्या कुशीवर झोपलात तर दंड दाबला जाऊन मध्यरात्री ५८ असा खोटा आकडा येऊ शकतो. अशा वेळी बोटातून मोजून खात्री करा. आणि ज्यांना आकडा पाहिल्यावाचून राहवत नाही अशांची चिंता सेन्सरने वाढते, हेही मी पाहिले आहे. तुम्ही रात्री दोनला उठून साखर मोजता असे लिहिले आहे, म्हणून मी आधी जोडीच्या मोजणीचे दोन आठवडे सुचवीन.

काही गोष्टी मात्र अशा आहेत की त्या दिसल्या तर वहीत लिहीत बसू नका. औषधे नियमित घेऊनही साखर दिवसचे दिवस २५० च्या वर राहणे, खाणे पोटभर असून वजन उतरत जाणे, सतत तहान आणि लघवी, यांचा अर्थ शरीरात इन्सुलिनच फार कमी उरले आहे असा असू शकतो. तुमच्यासारख्या सडपातळ प्रौढांमध्ये सावकाश सुरू होणारा, शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे होणारा मधुमेह सुरुवातीला साध्या टाइप दोनसारखाच दिसतो. सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटिबॉडी या रक्ततपासण्यांनी तो ओळखता येतो, आणि तसे निघाले तर इन्सुलिन लवकर सुरू करणे हिताचे असते. या तपासण्यांविषयी तुमच्या डॉक्टरांना अवश्य विचारा. वाढलेल्या साखरेबरोबर उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी आली तर त्याच तासाला रुग्णालयात जायचे.

पुढच्या भेटीला जाताना दोन आठवड्यांच्या जोड्यांची ती पाने, शाळेतल्या प्रसंगाची तारीख आणि त्या दिवशी घेतलेली गोळी, आणि स्वतःचा मीटर एवढे बरोबर न्या. तिथे एकदा तुमच्या हाताने मोजून दाखवा, म्हणजे पद्धतीत चूक असेल तर समोरच कळेल. डोळ्याच्या पडद्याबरोबर मूत्रपिंडांसाठी लघवीतले अल्ब्युमिन व रक्तातले क्रिएटिनिन, आणि पायांच्या संवेदना यांची तपासणी झाली आहे का तेही विचारा. पुढच्या संकष्टीच्या गोळीचा प्रश्न चिठ्ठीवर सर्वांत वर लिहा.